रिप्लेस ऑलशी समेट

‘रिप्लेस ऑल’ या बटणाशी माझं वैर जुनं होतं. मुद्रितशोधनात आयुष्य गेलेल्या बाईला ते असणारच. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द, तोही सगळीकडे, एका दमात, मधलं काहीही न वाचता! ही कल्पनाच मला उद्धट वाटायची. शब्द वाक्यात बसलेला असतो, वाक्य प्रकरणात, आणि दुरुस्ती करणाऱ्याने तिथपर्यंत स्वतः जायला हवं, असं मी हाताखालच्या मुलामुलींना सांगत आले. आज मी शेकड्यांनी फायली एका आज्ञेत बदलते आणि त्याबद्दल मला काडीचाही संकोच वाटत नाही. मत का बदललं, किती बदललं आणि कुठे अजिबात बदललं नाही, ते एकदा सांगून टाकते.

जुनं मत नुसत्या हट्टातून आलेलं नव्हतं. मी कामाला लागले तेव्हा खिळ्यांची छपाई अखेरच्या घटका मोजत होती, पण संपली नव्हती. जुळारी मजकूर जुळवायचा, गॅलीचं प्रूफ टेबलावर यायचं आणि समासात खुणा करत आम्ही ओळीओळीने खाली उतरायचो. एकच चूक दहा ठिकाणी असली तर दहाही ठिकाणी खूण करायची. ‘सगळीकडे असंच करावे’ अशी चिठ्ठी लावलेली आमच्या वरिष्ठांना खपायची नाही. त्या शिस्तीमागे शहाणपण होतं: दोन शब्द सारखे दिसले म्हणून त्यांचं काम सारखं असतं असं नाही. पुढे डीटीपी आलं आणि या शहाणपणाला रोज नवे पुरावे मिळू लागले. कुणीतरी ‘राम’चा ‘श्याम’ करायला जायचं आणि पुस्तकातली सगळी पात्रं दुपारी ‘आश्याम’ करायला लागायची. असे किस्से आम्ही चहाबरोबर चघळायचो आणि आपापल्या लाल पेनाकडे अभिमानाने पाहायचो.

आता नोकरी सुटली आहे. आमचं एक छोटं टोळकं आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं उलटली की आपल्याकडे त्याच्या लेखनावरचा प्रताधिकार संपतो. अशी जुनी मराठी पुस्तकं आम्ही टंकून काढतो आणि साध्या टेक्स्ट फायलींत ठेवतो. एका प्रकरणाची एक फाईल. टेक्स्टची फाईल कुठल्याही यंत्रावर, अगदी नोटपॅडमध्येही उघडते. अमुक प्रोग्रॅम हवा, तमुक आवृत्ती हवी, अशी तिची कटकट नाही. काम सगळं विंडोजवर चालतं, कारण आमच्या घरोघरी तेच आहे. पुस्तकं जमत गेली तशा फायली शेकड्यांत मोजाव्या लागल्या आणि मग प्रश्न उभा राहिला तो अनुस्वाराचा.

मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम शासनाने १९६२ साली स्वीकारले. १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. त्यांतला डोळ्यांत भरणारा बदल असा, की ज्यांचा उच्चार होत नाही असे, व्युत्पत्तीने किंवा व्याकरणाने आलेले अनुस्वार गेले. नांव, गांव, पांच, कांहीं, नाहीं, येथें, केलें, आतां, करूं. जुन्या पुस्तकाचं कुठलंही पान उघडा, ओळींवर टिंबांचा सडा पडलेला असतो. आजचा कॉलेजातला वाचक त्यावर अडखळतो. त्याच्यासाठी आजच्या लेखनाची वाचनप्रत काढायची असं आम्ही ठरवलं आणि मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. फाईल उघडायची, वाचत जायचं, टिंबं काढायची, जतन करायचं, पुढची फाईल.

आमच्यात एक निवृत्त बँकवाले आहेत. नोटपॅड आणि पॉवरशेल या दोन गोष्टींवर त्यांचा जीव. एका बैठकीत त्यांनी मला विचारलं, “ताई, या प्रकरणात तुम्ही नक्की काय बदललंत?”

“अनुस्वार काढले.”

“कुठले?”

“काढायचे होते ते.”

“आणि ‘आम्हांला’वरचा?”

“तो ठेवते मी. अनेकवचनी सामान्यरूपाचा अनुस्वार आहे, नियमात बसतो.”

“इथे ठेवलाय. पाचव्या प्रकरणात काढलेला दिसतोय, ते प्रकरण दुसऱ्या कुणाकडे होतं. तेही म्हणतील, आम्ही नियमानेच केलं. पण व्हाउचर कुठंय?”

बँकेत व्हाउचरशिवाय नोंद होत नाही, हा त्यांचा जन्माचा पाठ. कोणी, कधी, कशाच्या आधारावर केलं, याचा कागद नसेल तर रक्कम बरोबर असली तरी नोंद संशयास्पद. मी तेव्हा उत्तर दिलं ते एवढंच, की भाषा म्हणजे खातेवही नव्हे. बैठकीत त्यावर चार जणांनी माना डोलावल्या. पण घरी जाताना मला माझंच उत्तर पुरेना. कारण आमच्या धंद्यातही व्हाउचर होतं की! समासातल्या खुणांनी भरलेलं प्रूफ पुस्तक छापून होईपर्यंत जपून ठेवायचं, वाद झाला तर काढून दाखवायचं, हाच आमचा रिवाज होता. पडद्यावर हाताने दुरुस्ती करताना ते प्रूफच नाहीसं झालं होतं. टिंब काढलं की टिंबही गेलं आणि ते काढल्याची खूणही. ज्या पद्धतीला मी जुनी शिस्त म्हणून कवटाळत होते, तिच्यातला जपण्याजोगा भाग आधीच गळून पडला होता.

तरी हार मानायची माझी तयारी नव्हती. मी त्यांना म्हटलं, नियम लिहा, मी तो मोडून दाखवते.

विंडोजवर एकगठ्ठा बदल करायला फार काही लागत नाही. नोटपॅड++ या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबलं की ‘फाइंड इन फाइल्स’ची खिडकी येते. फोल्डर सांगा, काय शोधायचं ते सांगा, त्याजागी काय घालायचं ते सांगा आणि ‘रिप्लेस इन फाइल्स’ दाबा. पॉवरशेल विंडोजमध्ये आधीपासून बसवलेलंच असतं. फोल्डरातल्या सगळ्या फायली घे, एकेक उघड, असं दिसलं तर तसं कर, जतन कर, एवढं त्याला दोन-चार ओळींत सांगता येतं. ही करामत नवीन आहे असा माझा समज होता, तोही गेला. न उघडता फायलीतला मजकूर ओळीओळीने बदलणारा ‘सेड’ हा प्रोग्रॅम बेल लॅब्जमध्ये १९७३-७४ च्या सुमारास लिहिला गेला. म्हणजे महामंडळाचे पुरवणी नियम आणि हे हत्यार जवळजवळ एका वयाचे.

मी सापळे लावले. ‘कांच’चं ‘काच’ करायला सांगितलं, तर ‘कांचन’चं ‘काचन’ झालं. ‘पांच’चं ‘पाच’ करताना ‘पांचाली’ ‘पाचाली’ झाली. ‘आंत’चं ‘आत’ करताना ‘आंतरजातीय’ विवाह ‘आतरजातीय’ झाले. ‘दांत’चं ‘दात’ करायला गेल्यावर ‘वेदांत’च ‘वेदात’ गेला. शब्दाच्या शेवटचं प्रत्येक टिंब काढून टाक म्हटलं, तर कादंबरीतल्या संवादांतलं ‘असं’, ‘केलं’, ‘कुठं’ हे सगळं ‘अस’, ‘केल’, ‘कुठ’ होऊन बसलं. संस्कृत वचनांतलं ‘स्वयं’ ‘स्वय’ झालं. सगळ्यांत मजा ‘आतां’, ‘येतां’साठी शेवटच्या ‘ां’चं टिंब काढण्यात आली. “हां, हां, थांबा!” असं ओरडणारा गृहस्थ “हा, हा, थांबा!” म्हणत हसू लागला.

बँकवाले काही बोलले नाहीत. प्रत्येक सापळ्याखाली त्यांनी नियमांच्या फायलीत एक ओळ वाढवली. शेवटचं टिंब काढायचं ते फक्त मात्रा, वेलांटी आणि उकारावरचं; नुसत्या अक्षरावरचं नाही. ‘ां’चे शब्द यादीने. ‘कांच’पुढे ‘न’ आला तर हात लावायचा नाही. ‘दांत’ बदलायचा तो स्वतंत्र शब्द असेल तरच. या शेवटच्या अटीसाठी एक तयार खूण असते, शब्दाची हद्द दाखवणारी. ती दोन्हीकडे लावली आणि ‘वेदांत’ सुखरूप राहिला. मला वाटलं, संपलं.

पण बदललेल्या ओळींची यादी वाचताना एक वाक्य खटकलं. मूळ पुस्तकात ‘या वादांत मी पडत नाहीं’ असं होतं. नव्या प्रतीत ‘या वादात मी पडत नाही’. ऐकायला ठीक, पण त्या प्रकरणात वाद अनेक होते; नव्या प्रतीत त्यांचा एक वाद झाला. ‘वादांत’च्या पोटात ‘दांत’ आहे हे खरं, पण तो ‘वेदांत’च्याही पोटात आहे. मग एक वाचला आणि दुसरा का बुडाला?

उत्तर शोधायला एक संध्याकाळ गेली आणि ते मिळालं तेव्हा मी थक्क झाले. युनिकोडने देवनागरीतली अक्षराला लागणारी चिन्हं दोन वर्गांत विभागली आहेत. मात्रा, उकार, अनुस्वार, पायमोडं चिन्ह ही अक्षराच्या वर किंवा खाली बसतात, स्वतःची जागा घेत नाहीत. त्यांचा एक वर्ग. काना, दोन्ही वेलांट्या, विसर्ग ही बाजूला बसून जागा घेतात, त्यांचा दुसरा. पॉवरशेल ज्या डॉटनेटवर चालतं, त्याच्या हिशेबी पहिला वर्ग शब्दाचा भाग आहे आणि दुसरा नाही. म्हणजे ‘वेदांत’मध्ये ‘द’च्या आधी मात्रा असल्यामुळे शब्द चालू आहे असं त्याला वाटतं. ‘वादांत’मध्ये ‘द’च्या आधी काना असल्यामुळे शब्द तिथे संपला आणि ‘दांत’ हा नवा शब्द सुरू झाला असं त्याला वाटतं. काना दिसला की मराठी शब्द तुटतो! हे कळलं तेव्हा मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. “बघा, तुमच्या यंत्राला काना कळत नाही,” असं मी ऐकवलंही.

ते म्हणाले, “बरोबर. मग हद्दीची तयार खूण वापरायची नाही. आधी कुठलंही अक्षर किंवा कुठलंही स्वरचिन्ह नको, असं आपणच लिहायचं.” त्यांनी ती ओळ बदलली, मूळ फायलींवरून सगळी प्रत पुन्हा काढली. ‘वादांत’ परत आला, त्याच्याबरोबर ‘संवादांत’ आणि ‘अपवादांत’ही आले. ‘दांतांनी’चं ‘दातांनी’ झालं. पुढचं अनेकवचनाचं टिंब जागेवर राहिलं. आणि त्या क्षणी माझं मत हललं.

यंत्र बरोबर निघालं म्हणून ते हललं नाही. ते चुकतं, आणि भाषा कळत नसल्यामुळे माणसापेक्षा मूर्खपणे चुकतं. पण त्याच्या चुकीला पत्ता असतो. एका नियमात खोट असेल तर ती त्या नियमाने जिथे जिथे हात लावला तिथे सगळीकडे सारखीच दिसते. एका ठिकाणी सापडली की सगळीकडची सापडली आणि एक ओळ दुरुस्त केली की सगळीकडची गेली. हाताच्या कामात उलटं असतं. डोळा सकाळी वेगळा असतो, रात्री वेगळा. एकाचा वेगळा, दुसऱ्याचा वेगळा. एका फायलीत सुटलेलं टिंब पुढच्या फायलीतल्या टिंबाबद्दल काहीच सांगत नाही. ‘सगळीकडे असंच करावे’ या चिठ्ठीवर आमच्या वरिष्ठांचा आक्षेप असायचा तो ती अंमलात आणणाऱ्या माणसामुळेही. इथे चिठ्ठी लिहिल्याबरहुकूम लागते, आणि तिचा परिणाम आवडला नाही तर चिठ्ठी बदलून पहिल्यापासून सुरुवात करता येते.

मग माझ्या कामाची जागाच बदलली. आता मी प्रकरणं वाचायच्या आधी शब्द वाचते. पॉवरशेलला सांगितलं की ते सगळ्या फायलींतले अनुस्वार असलेले शब्द वेगळे काढतं, एकसारखे एकत्र करतं आणि किती वेळा आले त्या क्रमाने मांडतं. माथ्यावर ‘नाहीं’, ‘कांहीं’ अशी नेहमीची मंडळी; ती डोळे मिटून नियमाला द्यावीत. खरी मौज शेपटीकडे. एकदाच आलेले शब्द तिथे राहतात: एखादं आडनाव, एखादी हिंदी ओळ, एखादा कानडी उच्चार, टंकणाऱ्याच्या हातून निसटलेलं काहीतरी. हिंदी ओळींतलं ‘में’, ‘नहीं’, ‘हूं’ मला तिथेच भेटलं, नाहीतर कुणा शायराच्या तोंडी नियमाने ‘नही’ घातलं असतं. पन्नास वर्षं वाचून तयार झालेली नजर या शेपटीवर खर्च करणं हा तिचा जास्त चांगला उपयोग आहे. ‘नाहीं’वरचं टिंब हजार वेळा काढायला ती नजर लागतच नव्हती.

दुसरी गोष्ट मूळ प्रतीची. हाताने दुरुस्ती करताना एकच फाईल असते आणि आपण तिच्यावरच चाकू चालवतो. आता आमच्याकडे दोन फोल्डर आहेत. एकात पुस्तक जसं छापलं होतं तसं, टिंबांसकट. त्यात बदल होतो तो फक्त टंकनाच्या चुका काढण्यासाठी, छापील पानाशी ताडून. दुसऱ्यात वाचनप्रत, जी नियमांची फाईल चालवली की पुन्हा तयार होते; ती पुसली गेली तरी कुणाचं काही जात नाही. आणि ही टिंबं राखणं किती गरजेचं आहे ते नियम लिहिताना मला नव्याने उमगलं. ‘तें आलें’ म्हणजे वासरू आलं. ‘ते आले’ म्हणजे पाहुणे आले. ‘नांव’ माणसाला असतं, ‘नाव’ पाण्यात असते. ‘मीं’ म्हटलं की पुढे कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, नुसत्या ‘मी’ने ते कळत नाही. टिंब काढणारा नियम लिहिता येतो. परत घालणारा लिहिता येत नाही, कारण दोन रूपांचं एक झाल्यावर कुठलं कुठलं होतं हे कुणाला ठाऊक? जुन्या लेखनाची बाजू घेऊन मी यंत्राशी भांडत होते, आणि जुनं लेखन जसंच्या तसं राखण्याची सोय मात्र त्याच यंत्राने केली.

एवढं गुणगान केल्यावर धोकेही सांगायला हवेत, आणि विंडोजवर मराठीचे धोके खास आहेत. नोटपॅड++ मधला ‘रिप्लेस इन फाइल्स’ थेट डिस्कवर लिहितो. न उघडलेल्या फायलींपर्यंत कंट्रोल-झेड पोचत नाही. म्हणून आधी फोल्डरची नक्कल, मग बाकी सगळं. विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेलची आवृत्ती ५.१ आहे आणि तिला यूटीएफ-८ ही आपली लिपी साठवण्याची रीत आपणहून वापरायची सवय नाही. वाचताना यूटीएफ-८ सांगितलं आणि लिहिताना सांगायचं राहिलं, तर इंग्रजी मांडणीच्या यंत्रावर प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह येतं. आम्ही नकलेवर हे मुद्दाम करून पाहिलं. ‘मराठी’ या शब्दाची पाच प्रश्नचिन्हं झाली: म, र, काना, ठ, वेलांटी. पूर्णविराम तेवढे शाबूत. वाचतानाच सांगायचं राहिलं तर प्रकार वेगळा. पॉवरशेल मजकुराकडे टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांचा ढीग म्हणून पाहतं, ‘कांहीं’ त्याला कुठेच सापडत नाही आणि एकही टिंब न काढता ते निमूट काम संपवतं. नियमांची फाईलसुद्धा सुरुवातीच्या ओळखखुणेसह, म्हणजे बॉमसह, जतन केलेली नसेल तर तिच्यातली मराठीही त्याला अशीच दिसते. वेगळी उतरवून घ्यावी लागणारी सातवी आवृत्ती या बाबतीत शहाणी आहे. विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून नोटपॅडही नवी फाईल यूटीएफ-८ मध्येच जतन करतं. तरी आम्ही रीत दोन्ही वेळा स्पष्ट लिहितो.

दुसरा धोका डोळ्याला दिसतच नाही. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र तीन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि पायमोडं चिन्ह; साधा र, खाली नुक्ता आणि पायमोडं चिन्ह; किंवा साधा र, पायमोडं चिन्ह आणि त्यापुढे शून्य रुंदीचं एक जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही ‘दऱ्या’ एकच. शोधताना मात्र एक टंकली तर उरलेल्या दोन सापडतीलच असं नाही. वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या कळफलकांवर टंकलेल्या फायली एकत्र आल्या की असंच होतं. हे हाताने पकडणं कुठल्याही मुद्रितशोधकाच्या आवाक्यातलं नाही, कारण पकडण्यासारखं काही कागदावर उमटतच नाही. नियमांच्या फायलीतली पहिली ओळ या तिघांना एक करते. तिच्यावर आमच्यात आजवर वाद झालेला नाही.

वाद होतात ते विसर्गावर. पुष्कळ जण विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टंकतात: ‘दु:ख’, ‘स्वत:’. दोन अक्षरांच्या मध्ये आला तर तो विसर्गच, इतकं सोपं. शब्दाच्या शेवटी आला की पंचाईत. ‘वस्तुत:’, ‘विशेषत:’ यांच्यावरून कुणीतरी नियम केला, की ‘त’पुढचा अपूर्णविराम म्हणजे विसर्ग. तो एका नाटकावर चालवला आणि पात्राच्या नावापुढचे ‘वसंत:’ सगळे ‘वसंतः’ झाले. चहा मागणारा वसंत एकदम संस्कृतात गेला. तो नियम काढून आता शब्दांची यादीच ठेवली आहे. यादी लांबडी आणि कुरूप आहे, पण ती वाचून कुणालाही सांगता येतं की कोणता शब्द का बदलला.

जिथे माझं मत हललं नाही, ती जागाही आहे. छापील पानावरून पहिली टंकित प्रत तयार होते तेव्हा ती माणसानेच, ओळीला ओळ लावून, तपासली पाहिजे. जुन्या कागदावरचा डाग अनुस्वारासारखा दिसतो आणि खिळ्याचं तुटलेलं टिंब डागाइतकंही उमटत नाही. तिथे नियम चालवणं म्हणजे अंदाजाला कायद्याचं रूप देणं. कवितेला आम्ही एकगठ्ठा हात लावत नाही. आणि कोणतं पुस्तक बदलायचं हे तर यंत्राला विचारायचंच नाही. महामंडळाच्या नियमांतच म्हटलं आहे, की विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचं गद्य आणि केशवसुतांपूर्वीचं पद्य छापताना ते मुळाप्रमाणेच छापावं, आणि या दोघांसह पुढचं लेखन नव्या नियमांनी. फायलीच्या आत कुठेही लेखकाचा काळ लिहिलेला नसतो. ते पुस्तक कुठल्या फोल्डरात जाईल, हे आधी माणूस ठरवतो.

नव्याने कुणी आमच्यात आलं की मी त्यांना लाल पेन देत नाही. नियमांची फाईल देते आणि ती मोडून दाखवा म्हणते. ज्याला मोडता येते तो चांगला मुद्रितशोधक होतो असा माझा अनुभव आहे. आम्हांला मिळालेले उत्तम अपवाद असेच आले आहेत. प्रत्येक ओळीवर ती कोणी घातली आणि कोणत्या शब्दामुळे घातली याची टीप असते, आणि फाईल चालवण्याआधी व नंतरच्या फोल्डरांतला फरक विनमर्जमध्ये पाहिल्याशिवाय प्रत बाहेर जात नाही. बँकवाल्यांचं व्हाउचर ते हेच.

‘आम्हांला’ की ‘आम्हाला’, हे भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. मी टिंबाच्या बाजूची, ते आणि आणखी दोघं टिंबाविरुद्ध. आज कुणी ते लिहीत नाही, असं त्यांचं म्हणणं. ती ओळ फायलीत लिहून ठेवली आहे, फक्त पुढे हॅशचं चिन्ह घालून बंद केली आहे. ज्या दिवशी मी हरेन त्या दिवशी ते एक चिन्ह काढायचं आणि सगळी पुस्तकं पुन्हा काढायची, दहा मिनिटांचं काम. पुढे कुणी माझ्या बाजूने आणखी चांगला मुद्दा मांडला तर हॅश परत. मूळ फोल्डरातल्या एकाही टिंबाला यातून धक्का लागत नाही, त्यामुळे हल्ली मी या विषयावर पूर्वीपेक्षा जास्त जोरात भांडते.